स्टिकरखालचं स्टिकर: सुटे भाग बाहेरचे, मग ड्रोन कुणाचा म्हणायचा?

पलूसचा_ऊसवाला
नमस्कार मंडळी. आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून दोन वर्षांपूर्वी दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन घेतला. पुतण्यानं रीतसर प्रशिक्षण घेऊन पायलटचं प्रमाणपत्र काढलंय, तोच उडवतो. आमचा ऊस झाला की शेजारच्या दोन गावांत भाड्यानं जातो.

मागच्या गुरुवारी भावकीच्या उसात फवारणी चालू असताना एका मोटरचा आवाज बदलला. ड्रोन एका बाजूला झुकला. सहा पंख्यांचा आहे म्हणून पुतण्यानं कसाबसा बांधावर उतरवला. घरी आणून मोटर खोलली. उन्हानं आणि औषधानं कंपनीचं केशरी स्टिकर एका कडेनं सुटलं होतं. नखानं ओढलं तर खाली दुसरं स्टिकर, चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्याचं. मग आम्ही सगळंच बघत बसलो. पंप वेगळ्याच नावाचा, रिमोट तिसऱ्याचा, बॅटरीवर चौथं नाव. कंपनीचं म्हणावं असं मला टाकीवरचं नाव आणि खोकं एवढंच सापडलं.

कंपनीला फोन केला. मोटर यायला तीन आठवडे. पुण्यातला एक व्यापारी म्हणतो, हीच मोटर परवा हातात देतो, कंपनीच्या दोन तृतीयांश दरात.

माझा प्रश्न सरळ आहे. आम्ही कंपनीला पैसे दिले ते नेमके कशाचे? ह्याला फसवणूक म्हणायचं का? आम्हाला अजून एक ड्रोन घ्यायचाय, तर तो कशावरून पारखायचा? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडायला धागा काढलेला नाही.

तेजस_नाशिक
काका, फसवणूकच. ह्या धंद्यात निम्मे लोक स्टिकर छापणारे आहेत. तयार सांगाडा आणायचा, तयार मोटरी, तयार रिमोट, चार मुलं बसवून स्क्रू आवळायचे आणि वर 'स्वदेशी' लिहायचं.

जोडणीवाला
तेजस, पाच वर्षं मी तेच 'स्क्रू आवळण्याचं' काम करतोय, भोसरीत, एका लहान कंपनीत. तुमच्या बोलण्यात काही खरं आहे, पण सगळं नाही. काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, लांबेल.

फवारणीच्या ड्रोनमध्ये काय काय असतं बघा. कार्बन फायबरचा सांगाडा, मोटरी, त्यांना वीज मोजून देणारे ईएससी, पंखे, उड्डाण सांभाळणारा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि होकायंत्र, जमिनीपासूनची उंची मोजणारा रडार, पंप, नोझल, टाकी, रेडिओ, बॅटरी, चार्जर. हे सगळं एका छताखाली बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटावर मोजण्याइतक्या. आम्ही मेंदूसाठी क्यूब वापरतो. तो बोर्ड ऑस्ट्रेलियन कंपनीचा, आतली मुख्य चिप युरोपातल्या एसटी कंपनीची, आणि त्यावर चालणारं आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, खुलं. आता हा मेंदू कुणाचा म्हणायचा?

पण भाग आणून जोडले की ड्रोन उडतो आणि शेतात टिकतोही, असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस आमच्याकडे यावं. आमच्या पहिल्या मॉडेलची गोष्ट सांगतो. रिकामा ड्रोन जागच्या जागी असा तरंगायचा की बघत राहावं. टाकी भरली की मात्र गोल गोल फिरत भरकटायचा. तीन आठवडे आम्ही सॉफ्टवेअरमधले आकडे बदलत बसलो. शेवटी कळलं की होकायंत्राची डबी बॅटरीच्या जाड तारांपासून जेमतेम चार बोटांवर होती. टाकी भरली की मोटरी जास्त करंट ओढायच्या, तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढायचं आणि होकायंत्राला उत्तर दिशा भलतीकडेच दिसायची. डबी वीतभर उंच दांडीवर नेली, दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिला, ड्रोन सुतासारखा सरळ झाला. त्या दांडीची किंमत शंभर रुपयेसुद्धा नसेल. काकांनी पैसे दिले असतील तर त्या तीन आठवड्यांचे दिलेत.

आता तुमचं काम. पुतण्याला विचारा, ड्रोनमधून उड्डाणाची नोंद, म्हणजे लॉग, निघतो का. निघत असेल तर त्या दिवसाचा आणि आधीच्या आठवड्याचा काढून ठेवा. मोटर बदलण्याआधी.

पलूसचा_ऊसवाला
निघतो म्हणतोय. आजवर कुणी मागितला नव्हता.

तेजस_नाशिक
जोडणीवाला, तुम्ही प्रामाणिक असाल. पण माझ्या माहितीतल्या एका कंपनीनं तीन आठवडे काय, तीन दिवससुद्धा काढले नाहीत. खोकं उघडलं, रंग बदलला, विकलं. गिऱ्हाईकाला ह्या दोघांतला फरक कळणार कसा? दोन्ही ड्रोन बाहेरून सारखेच.

मीनल_ठाणे
मी सहा वर्षं शेन्झेनला होते, एका भारतीय कंपनीसाठी माल बघण्याचं काम. हुआचियांगबे हा तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या कित्येक गल्ल्या एकावर एक रचून मजले केलेत असं समजा. एका काउंटरवर फक्त कनेक्टर, पुढच्यावर फक्त अँटेना. सकाळी यादी घेऊन गेलात तर संध्याकाळी अख्ख्या ड्रोनचे भाग पिशवीत. म्हणून जगातल्या बऱ्याच ड्रोन कंपन्यांचा पहिला नमुना कधी ना कधी त्या गल्ल्यांतून जातो.

कारखान्यात गेलं की दुसरी गंमत. किमान अमुक नग घेतले की तुमचं नाव मोटरवर लेसरनं कोरून देतात. त्याहून कमी घेतले तर स्टिकर. म्हणजे काकांच्या मोटरवर स्टिकर आहे ह्यावरून मला एवढंच कळतं की कंपनीनं माल थोडा घेतला. लबाडी त्यात आपोआप येत नाही.

पण पुण्याच्या व्यापाऱ्याच्या मोटरबद्दल सावध करते. एकाच मॉडेल नंबरच्या दोन मोटरी आतून एकच असतील असं नसतं. बेअरिंग कुठलं घातलं, तांब्याच्या गुंडाळीवर लेप कसा दिला, चुंबक कुठल्या प्रतीचे, ह्यावर किंमत खालीवर होते आणि वरचा नंबर तोच राहतो. एकदा माझ्यासमोर आलेल्या पाचशे मोटरींत कारखान्यानं न सांगता बेअरिंग बदललेलं होतं. कागदावर सगळं बरोबर. आमचे एक वयस्कर तपासनीस होते, ते प्रत्येक मोटर कानाशी धरून बोटानं हळूच फिरवायचे. चांगली मोटर ठक ठक ठक अशी एकसारखी अडत फिरते, चुंबकांमुळे. त्या खोक्यातल्या मोटरी अडतानाच बारीक खरखरत होत्या, कोरड्या वाळूवर चप्पल घासावी तशा. पाचशेच्या पाचशे परत पाठवल्या. मालकानं दोन दिवस जेवण घालून समजूत काढायचा प्रयत्न केला, आमचे काका हलले नाहीत.

ज्या कंपनीकडे असा माणूस आहे तिचं स्टिकर मी मानते. ज्या कंपनीचं खोकं कारखान्यातून निघून थेट शेतात उघडतं तिचं नाही.

गणपतराव_वाई
मीनलताई, त्या तपासनीस काकांना माझा नमस्कार. आमच्या गावात ड्रोनला म्हाताऱ्या बायका 'भुंगा' म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?

सुमन_जालना
आमच्याकडे पहिल्या दिवशी 'इमान' म्हणायचे. आता नुसतं 'सुमनचं मशीन'.

किरकोळ_प्रश्न
सुमनताई, तुम्ही ड्रोन दीदी का? तुमचा अनुभव लिहा ना. इथे सगळे कारखान्याचं बोलतायत, रोज वापरणारं माणूस हवं.

सुमन_जालना
हो, आमच्या बचतगटाला केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून मिळाला. ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख, बाकीचं गटानं उचललं. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं, पाच दिवस उडवण्याचं आणि दहा दिवस शेतीतल्या वापराचं. सोबत वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आलं, पाण्याचा पीएच बघायचं आलं. सुरुवातीला मला वाटायचं ही खेळणी कशाला. आता वारा मोजल्याशिवाय मी चार्जरची पिन लावत नाही.

मोटर कुठली, बोर्ड कुठला, मला ठाऊक नाही. मला बॅटरी ठाऊक आहे. दहा लिटरच्या टाकीला एकर निघतो आणि बॅटरीच्या एका जोडीत टाकी दीड टाकीच होते, म्हणजे दिवसभर तुम्ही ड्रोन कमी आणि बॅटरी जास्त सांभाळता. पहिल्या उन्हाळ्यात एक बॅटरी फुगली. हातात घेतली तर उशीसारखी मऊ. मी घाबरून अंगणात वाळूच्या टोपल्यात ठेवली आणि कंपनीच्या जिल्ह्यातल्या मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर आला. बॅटरी बदलून दिली आणि वर रागावला, कारण आम्ही उडवून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावत होतो. अर्धा तास सावलीत ठेवा म्हणाला. तेव्हापासून एकही फुगली नाही.

कंपनीचं नाव मला त्या मुलाच्या मोबाईल नंबरामुळं पाठ आहे. पलूसच्या काकांना तीन आठवडे सांगितले हे वाचून वाईट वाटलं. फवारणीचे दिवस वर्षात असतात किती? तीन आठवड्यांत सगळा हंगाम निघून जातो.

पलूसचा_ऊसवाला
ताई, मनातलं बोललात. अळी थांबत नाही हो तीन आठवडे.

अमेय_सॅन_होजे
सुटे भाग घेऊन ब्रँड उभा करण्यात कोण तरलं आणि कोण बुडालं, ह्याचा इतिहास फार बोलका आहे. मी इकडे छंद म्हणून २०११ पासून उडवतोय, त्यामुळे हे डोळ्यांदेखत घडलं.

चीनची डीजेआय २००६ साली निघाली तेव्हा अख्खा ड्रोन विकत नव्हती. छंदिष्टांच्या हेलिकॉप्टरला बसवायचे फ्लाइट कंट्रोलर विकायची. म्हणजे ती स्वतःच सुट्या भागाची पुरवठादार! जानेवारी २०१३ मध्ये तिचा फँटम हा ड्रोन आला. त्यालाही स्वतःचा कॅमेरा नव्हता, खाली गोप्रो कंपनीचा कॅमेरा अडकवायची जागा होती. लोक काय बघून ड्रोन घेतायत हे कंपनीनं ओळखलं. लोक आकाशातून दिसणाऱ्या चित्रासाठी घेत होते. वर्ष संपायच्या आत कॅमेऱ्यासह फँटम २ व्हिजन बाजारात. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतो तो भाग आत ओढला. त्यांच्या कित्येक कॅमेऱ्यांत सोनीचे सेन्सर वापरलेले आहेत. तेव्हा सगळंच स्वतः करतात असंही नाही.

गोप्रोनं मग स्वतःचा ड्रोन काढला, कर्मा. कॅमेरा जगात नावाजलेला, ब्रँड डीजेआयपेक्षा मोठा. ऑक्टोबर २०१६ मध्ये विक्री सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये सगळे परत बोलवावे लागले. कारण? बॅटरीची खिट्टी. हवेत बॅटरी सैल व्हायची आणि वीज जायची. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी ड्रोनचा धंदा सोडल्याचं जाहीर केलं.

तिसरी कंपनी अमेरिकेची थ्रीडीआर. २००९ मध्ये निघाली, आर्डूपायलटच्या चळवळीतूनच. २०१५ चा सोलो हा त्यांचा देखणा ड्रोन. मेंदू खुला, कॅमेरा गोप्रोचा. कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल बाजारात उशिरा पोचला, तोवर डीजेआयनं किमती खाली आणल्या. २०१६ मध्ये थ्रीडीआरनं ड्रोन बनवणं थांबवलं. सॉफ्टवेअर आजही जगभर उडतंय, जोडणीवाल्यांच्या भोसरीतसुद्धा.

जोडणीवाला
अमेय, खिट्टीची गोष्ट मी आमच्या नव्या पोरांना दर सहा महिन्यांनी सांगतो. बॅटरीचा कप्पा आम्ही बाहेरून आणत नाही. तेवढा भाग स्वतः बनवतो, आणि दोन ठिकाणी लॉक.

सातारचा_सिग्नलवाला
मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो, निवृत्त झालो. इथे सगळं शेतीचं चाललंय, मी दुसरी बाजू मांडतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं सैन्यासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केले. भारतीय कंपन्यांचे ड्रोन, आतले भाग चिनी. एकूण रक्कम २३० कोटींच्या आसपास. माझ्या मते निर्णय योग्यच. पण सगळ्या भागांना एकाच मापानं मोजू नका. मोटर मुकी असते. तिला वीज दिली की फिरते, ती कुणाला काही सांगत नाही. रेडिओ बोलतो. जीपीएस ऐकतो. फ्लाइट कंट्रोलर विचार करतो. कॅमेरा बघतो आणि लक्षात ठेवतो. जे भाग बोलतात, ऐकतात आणि लक्षात ठेवतात ते आपले हवेत, निदान त्यातल्या सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ आपल्याला वाचता आली पाहिजे. नवी मुंबईची आयडियाफोर्ज, आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ साली काढलेली, सैन्यात टिकली ती उड्डाणाच्या मेंदूवर स्वतः मेहनत केली म्हणून.

उसावर फवारणाऱ्या ड्रोनची मोटर शेन्झेनची असली म्हणून मला झोप लागत नाही असं नाही. पण त्याच्या रिमोटमधलं ॲप आपल्या शेतांचे नकाशे कुठल्या देशातल्या सर्व्हरवर पाठवतंय हे मात्र मी विचारीन.

मीनल_ठाणे
सिग्नलवाले काका, 'मोटर मुकी' हे अगदी पटलं. फक्त एक जोडते. मुक्या भागाचीही मान दुसऱ्याच्या हातात असू शकते. मोटरीत निओडिमियमचे चुंबक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला, आणि जगभरचे मोटारगाड्यांचे कारखाने हवालदिल झाले.

अमेरिकेतली स्कायडिओ ही ड्रोन कंपनी तर मुद्दाम 'चीनविना' म्हणून नावारूपाला आलेली. तरी बॅटऱ्या तिथूनच यायच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीननं तिच्यावर निर्बंध घातले आणि कंपनीला गिऱ्हाइकांना सांगावं लागलं की काही महिने एका ड्रोनमागे एकच बॅटरी मिळेल. सुमनताई, एका बॅटरीत तुमचा दिवस कसा निघाला असता?

सुमन_जालना
एका जोडीत एक एकर आणि मग घरी भाकरी थापायला.

हिशेबनीस
मी सीए आहे, ड्रोन उडवता येत नाही, कागद वाचता येतात. दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण 'मेड इन इंडिया' शब्दावर बराच गैरसमज दिसतोय.

९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्रानं परदेशी ड्रोनची आयात बंद केली. पूर्ण जोडलेला, अर्धवट सुटा किंवा पूर्ण सुटा करून आणलेला संच, तिन्ही बंद. संशोधन, संरक्षण वगैरेंना परवानगीनं सूट. पण सुट्या भागांची आयात मोकळी ठेवली. म्हणजे अख्ख्या ड्रोनचा संच आणता येत नाही, मात्र मोटरी एकीकडून, बोर्ड दुसरीकडून असं आणून इथे जोडता येतं. काकांच्या ड्रोनवर चार नावं दिसली ती ह्या धोरणाचीच खूण.

दुसरं, उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, सप्टेंबर २०२१ ची, १२० कोटींची. तिच्यात ड्रोन आणि भाग बनवणाऱ्यांना किमान ४० टक्के मूल्यवर्धन दाखवावं लागे. हे ४० टक्के कसे मोजायचे? विक्रीच्या रकमेतून ड्रोन आणि सुट्या भागांच्या खरेदीची रक्कम वजा करायची. उरलं ते मूल्यवर्धन. त्यात सॉफ्टवेअर, मजुरी, चाचण्या आल्या आणि नफाही आला. त्यामुळे '४० टक्के' वाचून ४० टक्के भाग देशी असा अर्थ काढू नये. जोडणीवाल्यांचे तीन आठवडे त्या ४० टक्क्यांत बसतात, आणि दुसऱ्या कुणाचं नुसतं महागात विकणंही त्यातच बसतं. कागदावर दोघं सारखेच दिसतात. तेजस म्हणतात ती अडचण इथे आहे.

तेजस_नाशिक
हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. नफ्यानंसुद्धा मूल्यवर्धन वाढतं म्हणजे कमालच झाली.

कडबाकुट्टी
पलूसच्या काकांच्या धाग्यावर पलूसशेजारच्या किर्लोस्करवाडीचा विषय अजून निघाला नाही? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलींचं दुकान काढलं होतं. दुसऱ्याचा माल विकला, दुरुस्त केला. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये वाडी वसली. दुसऱ्याची वस्तू उघडून, ती कुठे मोडते हे बघत बघत माणूस स्वतःची वस्तू करायला शिकतो. आजच्या ड्रोनवाल्यांना तेवढी वर्षं द्यायला हवीत.

तेजस_नाशिक
वर्षं द्यायला माझी हरकत नाही. पण लक्ष्मणरावांनी विकलेल्या सायकलीवर 'आमची' लिहिलं नसणार. भाग बाहेरचा असेल तर तसं सांगा. लपवाछपवीचा राग येतो.

जोडणीवाला
इथे मी तेजसच्या बाजूचा. आम्हीही पहिली दोन वर्षं मोटरवरचं मूळ नाव झाकायचो. मालकांना वाटायचं, गिऱ्हाईक तिकडूनच मागवेल. आता झाकत नाही. भागांची यादी पुस्तिकेत छापतो, मूळ बनवणाऱ्याच्या नावासकट. एकही गिऱ्हाईक त्यामुळे गेलं नाही. उलट लोक अचूक नंबर सांगून भाग मागतात, आमचा फोनवरचा वेळ वाचतो.

बाजारातली मोटर परस्पर बसवण्याबद्दल मात्र ऐका. डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचं, टाइप सर्टिफिकेट त्या ठरावीक रचनेच्या मॉडेलला मिळालेलं असतं. वेगळी मोटर घातलीत आणि उद्या ड्रोन कुणाच्या अंगावर पडला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि तृतीय पक्षाचा विमा तर एवढ्या मोठ्या ड्रोनला बंधनकारकच आहे.

काका, लॉगचं काय झालं?

गणपतराव_वाई
मी मध्येच विचारतो, मधमाश्यांचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडं सूर्यफूल फुलोऱ्यात असताना एकानं भर दुपारी ड्रोन फिरवला.

सुमन_जालना
फुलोऱ्यात शक्यतो नाहीच. करावीच लागली तर माश्या पोळ्यावर परतल्यावर, दिवस मावळताना. आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला सांगून. गणपतकाका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मला खूप लिहायचंय.

पलूसचा_ऊसवाला
सगळ्यांचे आभार. दोन दिवस आलो नाही, कारण काल आणि आज लॉगच बघत होतो. जोडणीवाले साहेबांनी व्यक्तिगत निरोपात पुतण्याला फाइल कशी उघडायची ते दाखवलं. सहा मोटरींच्या सहा रेघा दिसतात. पाच रेघा एकमेकींना चिकटून चालतात. चौथ्या मोटरची रेघ गुरुवारच्या आधी तीन दिवसांपासून वर वर सरकत होती. म्हणजे मोटर दमत चालली होती आणि मेंदू तिला जास्त जोर लाव म्हणून सांगत होता. तीन दिवस ड्रोन ओरडून सांगत होता आणि आम्हाला कुणी ऐकायला शिकवलं नव्हतं.

ती रेघ मी कंपनीच्या इंजिनिअरला पाठवली. आधी फोन उचलणारी मुलगी तीन आठवडेच म्हणत होती. रेघ बघितल्यावर तासाभरात इंजिनिअरचा स्वतःचा फोन. म्हणाला, ह्याच खेपेच्या मोटरी अजून दोन ठिकाणी गेल्यात, बाकीच्या पाचही तपासाव्या लागतील, माणूस येतोय.

माणूस आज सकाळी आला, कोल्हापुरातून. बरोबर दोन मोटरी. मीनलताई, मी त्याला म्हटलं, बसवायच्या आधी कानाशी धरून फिरवून दाखव. तो हसला, पण फिरवली. ठक ठक ठक. मग जुनी खराब झालेली आमच्या कानाशी धरली. तुम्ही लिहिलंय तसाच आवाज. घरातल्या सगळ्यांनी रांगेनं ऐकला, आमच्या आईनंसुद्धा.

बाकीच्या पाचांत अजून एक खरखरत होती. तीही बदलली.

मीनल_ठाणे
काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचे तपासनीस काका आता नाहीत. त्यांना फार आवडलं असतं.

तेजस_नाशिक
काका, बरं झालं. पण तुम्ही रेघ पाठवली म्हणून तो आला. ज्याला रेघ काढता येत नाही त्याचे तीन आठवडे तसेच.

पलूसचा_ऊसवाला
खरंय तेजस. म्हणून मी त्या माणसाला दोन गोष्टी लिहून द्यायला लावल्या. दर पंधरा दिवसांनी आम्ही लॉग पाठवणार, कंपनीनं बघून कळवायचं. आणि भागांची यादी, मूळ नावांसकट. पहिलीला हो म्हणाला. दुसरीसाठी मालकांना विचारून सांगतो म्हणाला.

दुसऱ्या ड्रोनचं आम्ही पाच जणांनी काल रात्री बसून ठरवलं. सुमनताईंच्या पद्धतीनं आधी जिल्ह्यातल्या माणसाचा नंबर मागायचा आणि त्याला रविवारी फोन करून बघायचा. उचलला तर पुढची बोलणी. मग जोडणीवाल्यांचं, बॅटरीचा कप्पा आणि होकायंत्राची दांडी हातानं हलवून बघायची. टाकी भरलेली असताना उडवून दाखव म्हणायचं, रिकामी नको. आणि सिग्नलवाल्या साहेबांचं, ॲपचा डेटा कुठं जातो ते लेखी.

आता सोळा लिटरचा घ्यावा की दहाचाच अजून एक, ह्यावर घरात दोन तट पडलेत. पुतणा सोळा म्हणतो.

जोडणीवाला
बांध किती रुंद आहेत आणि ड्रोन नेता कशातून? सोळाचा घडी करूनही मोठा होतो, दोन माणसं लागतात उचलायला.

पलूसचा_ऊसवाला
बोलेरो पिकअप आहे. माणसं मात्र पुतणा आणि मीच.

सुमन_जालना
मग दहाचाच घ्या काका, आणि उरलेल्या पैशात बॅटरीच्या दोन जोड्या जास्त.